सुषमा स्वराज नक्की कशामुळं मोठ्या झाल्या? वकिली, देवधर्म की अजून काही?

जुळेसोलापूरची_पोर

नमस्कार. मी लॉ करतेय, सोलापुरातच, चौथं वर्ष. घरी सगळं पाळतो, म्हणजे मी स्वतःच पाळते, कुणाच्या धाकानं नाही. गुरुवारी जमेल तसं अक्कलकोट, नवरात्रात तुळजापूर, श्रावणातले शुक्रवार. मूट कोर्टला (कॉलेजातलं सरावाचं कोर्ट) ठसठशीत कुंकू लावून गेले तर एक जण म्हणाला की तू कीर्तनकार हो, वकिली कशाला करतेस. मला राजकारणात जायचंय हे कळल्यावर तर अजूनच हसले.

घरी काका म्हणतात, सुषमा स्वराज बघ, एवढं मोठं कुंकू, करवा चौथ, सगळं करून परराष्ट्रमंत्री झाल्या. पण तेच काका लगेच पुढं म्हणतात की नवरा मोठा वकील होता म्हणून जमलं. यूट्यूबवर शोधलं तर नुसत्या रील्स, मागं ढोल वाजतोय आणि दोन वाक्यं भाषणाची. मला करिअर कसं घडलं ते हवंय. वकिली किती केली, धार्मिक असण्याचा फायदा झाला का तोटा, आणि आमच्यासारख्या घरातल्या मुलीनं त्यातून काय घ्यायचं. ज्यांना माहितीय त्यांनीच लिहा प्लीज, पार्टीची भांडणं नकोत.

काळाकोट

काकांचा हिशोब उलटा आहे. मी इथल्या कोर्टात बरीच वर्षं काळा कोट घालतोय, म्हणून वकिलीच्या बाजूनं सांगतो.

बाई हरियाणातल्या अंबाला छावणीच्या, जन्म १९५२ चा. वडील संघाचे, कॉलेज सनातन धर्म कॉलेज, विषय संस्कृत आणि राज्यशास्त्र. एलएलबी चंदीगडला पंजाब विद्यापीठातून आणि १९७३ पासून सुप्रीम कोर्टात प्रॅक्टिस. विद्यार्थी परिषदेचं काम त्याच्या आधीपासून चालूच. स्वराज कौशल हे पण वकील पण समाजवादी गोटातले, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिसांच्या जवळचे. लग्न झालं १३ जुलै १९७५ ला, आणीबाणी लागून महिनासुद्धा झाला नव्हता. संघाच्या घरातली मुलगी आणि समाजवादी मुलगा, आणि पुढं बडोदा डायनामाइट केसमध्ये, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाच्या खटल्यात, जॉर्जच्या बचावाच्या टीममध्ये दोघंही.

आता तू लॉची आहेस म्हणून ह्यावर जरा थांब. आणीबाणीत ज्या माणसाला सरकार बेड्या घालून फिरवतंय त्याच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे स्वतःचं नाव स्वतःहून पोलिसांच्या डायरीत द्यायचं. प्रॅक्टिस दोन-तीन वर्षांची, वय तेवीस-चोवीस. घरच्या ओळखीवर राजकारणात आलेली माणसं असल्या वेळी आजारी पडतात. ओळख झाली ती इथं, आणि ती कामातून झाली.

१९७७ ला अंबाला छावणीतून आमदार आणि देवीलालांच्या सरकारात थेट कामगारमंत्री, वय २५. आपल्याकडं त्या वयात ज्युनियर पोरं सिनियरच्या फायली काखेत मारून तारखा घेत फिरत असतात. म्हणजे पूर्णवेळ वकिली झाली जेमतेम चार वर्षं. त्यामुळं "केवढी मोठी वकील होती" असं कुणी म्हणलं तर ते मानू नकोस, वकिली मोठी व्हायच्या आतच राजकारणानं उचललं. पण ती चार वर्षं कुठल्या काळातली आणि कुठल्या केसची ते बघ.

आणि रील्समध्ये जे नसतं ते पण ऐक. कर्नालमधून लोकसभेला १९८०, १९८४ आणि १९८९, तीनदा उभ्या राहिल्या आणि तिन्ही वेळा पडल्या. मधी १९८७ ला परत अंबाल्यातून आमदार आणि शिक्षणमंत्री झाल्या, १९९० ला राज्यसभा मिळाली तेव्हा दिल्ली दिसली. लोकसभा जिंकली ती १९९६ ला दक्षिण दिल्लीत, आणि समोर कोण होते तर कपिल सिब्बल! पंचविशीत मंत्री झालेल्या बाईला लोकसभेत पोचायला पुढची एकोणीस वर्षं लागली.

बळ्ळारीचा_जावई

देवधर्माचा विषय निघालाय म्हणून लिहितो, आमची सासुरवाडी बळ्ळारी, तिकडं हा विषय घरोघरी निघतो. १९९९ ला सोनिया गांधी अमेठीबरोबर बळ्ळारीतून उभ्या राहिल्या, पहिल्या निवडणुकीपासून काँग्रेसचा बालेकिल्ला, तिथं भाजपनं ऐनवेळी सुषमाजींना पाठवलं, हातात दिवस किती तर दोन आठवडेसुद्धा नाहीत. तेवढ्यात बाई सभेत कन्नड बोलायला लागल्या ओ! हरियाणाची बाई. आपल्याकडं सोलापुरात जन्म काढलेले लोक कन्नडमधी "बर्री" आणि "ऊटा आय्ता" च्या पुढं जात नाहीत. हरल्या, छप्पन हजारांनी, पण सोनियांना तिथं घाम फुटला हे काँग्रेसवालेसुद्धा मान्य करतात. नंतर सोनियांनी अमेठी ठेवली आणि बळ्ळारी सोडली, आणि हरलेली बाई मात्र येत राहिली.

श्रावणात पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी वरमहालक्ष्मी असते ना, आपल्याकडं पण पद्मशाली आणि कन्नड घरांत कलश मांडतात, त्याला साडी नेसवतात, बायकांना हळदीकुंकू, तर त्या पूजेला त्या दरवर्षी बळ्ळारीत यायच्या. दिल्लीचं सगळं सोडून. एक-दोनदा नाही, दहाच्या वर वर्षं. माझ्या सासूबाईंना पार्टीबिर्टी काही कळत नाही, पण "वरमहालक्ष्मीला येणारी" म्हटलं की त्यांना बरोबर कळायचं.

पण ह्याची दुसरी बाजू पण आहे, ती नाही सांगितली तर अर्धवट होईल. त्याच पूजेच्या दिवशी खाणीवाले रेड्डी बंधू, जे पुढं कर्नाटकात मंत्री झाले, ते शेजारी उभे असायचे, आई म्हणायचे, डोक्यावर हात ठेवलेले फोटो पेपरात. २०११ ला लोकायुक्तांचा बेकायदा खाणींचा अहवाल आला आणि ते प्रकरण पेटलं तेव्हा तेच फोटो परत छापून आले. ह्यांना मीच मंत्री केलं असं काही नाही, अशा अर्थाचं त्यांना सांगावं लागलं. पुढं ते श्रावणातलं येणंही थांबलं. तेव्हा ताई, फायदा का तोटा विचारलंस तर एकाच पूजेतून दोन्ही झालं.

रोखठोक_विजापूरवेस

सगळे आरती ओवाळणार हे माहीतच होतं.

२००४ ला सोनिया गांधी पंतप्रधान होणार म्हटल्यावर ह्याच बाई म्हणाल्या की मी मुंडण करीन, पांढरी साडी नेसेन, जमिनीवर झोपेन, चणे खाईन. सुप्रीम कोर्टात उभी राहिलेली बाई! लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांनी नेता निवडला, घटनेत बसतंय, मग ह्यात मुंडण कुठून आलं? विधवेचा वेश राजकारणात धमकी म्हणून वापरायचा आणि वर स्त्रीशक्ती म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही.

२०१४ ला परराष्ट्रमंत्री असताना लाल किल्ल्यावरच्या कार्यक्रमात गीता राष्ट्रीय ग्रंथ करा म्हणाल्या, फक्त औपचारिकता उरलीय म्हणे. २०१६ ला सरोगसीचं बिल आणलं तेव्हा पत्रकार परिषदेत समलिंगी जोडप्यांबद्दल म्हणाल्या की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. तुझा उपवास तुझ्या ताटात असतो तोवर माझी काही हरकत नाही, तो कायद्यात आला की मग मी बोलणार. आणि २०१५ चं ललित मोदी प्रकरण, तोच आयपीएलवाला, तपास चालू असताना लंडनला जाऊन राहिलेला? माणुसकीच्या नात्यानं प्रवासाच्या कागदपत्रांना मदत केली म्हणे, बायकोचं ऑपरेशन होतं, असेल, पण स्वतःची मुलगी त्याच्या वकिलांच्या टीममध्ये असताना मंत्र्यानं त्या फायलीला हात लावायचा नसतो. काळाकोट साहेब, तुम्हीच सांगा, हे कुठल्या वकिलाला शिकवावं लागतं का?

काळाकोट

शेवटच्या मुद्द्यावर माझं काही म्हणणं नाही, लावायला नकोच होता.

जुळेसोलापूरची_पोर

थँक्यू सगळ्यांना, रोखठोक दादा तुम्हालाही. मुंडणाचं ऐकून होते पण कधीचं ते माहीत नव्हतं. एक विचारू का, त्यांचा स्वतःचा असा मतदारसंघ कुठला होता मग? अंबाला, कर्नाल, दिल्ली, बळ्ळारी, मला तर काही कळेना.

शेंगाचटणी_कडकभाकरी

नव्हताच! हाच तर मुद्दा आहे जो कुणी बोलत नाही. हरियाणात अंबाला आणि कर्नाल, मग दक्षिण दिल्ली, १९९८ ला दिल्लीच्या मुख्यमंत्री केल्या ते कांद्याच्या भावानं पेटलेल्या दिल्लीत, ऑक्टोबरात शपथ आणि डिसेंबरात खुर्ची गेली, ५२ दिवस, स्वतः हौज खासमधून जिंकल्या आणि पार्टी आपटली. मग बळ्ळारी, मग राज्यसभा यूपी, उत्तराखंड, मध्य प्रदेश, आणि शेवटी विदिशा २००९ आणि २०१४. पार्टीनं जिथं आग लागलीय तिथं पाठवलं आणि बाई गेल्या. आता ह्याला निष्ठा म्हणा नाहीतर पार्टीनं वापरून घेतलं म्हणा, मला दोन्ही वाटतं. पण ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन नसते त्यांना शेवटी दुसऱ्यांच्या मर्जीवर राहावं लागतं. साडेचार वर्षं लोकसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, पंतप्रधानपदाचं नाव आलं तेव्हा त्यांचं आलं का?

आणि मंडळी, सुमित्राताई महाजनांना विसरलात की ओ! धार्मिक, लॉ केलेली आणि राष्ट्रीय राजकारणात, शिवाय आपली मराठी. चिपळूणच्या साठे, लग्न होऊन इंदूरला गेल्या, एमए एलएलबी, नवरा वकील, राजकारणाच्या आधी इंदूरच्या मराठी बायकांत रामायणावर प्रवचनं करायच्या. १९८९ ला काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींना पाडलं आणि मग एकाच इंदूरमधून ओळीनं आठ वेळा खासदार, २०१४ ला लोकसभा अध्यक्ष. ह्या उलट्या बघा, एक गाव धरलं ते धरलं. गंमत म्हणजे ते ललित मोदी प्रकरण पेटलं तेव्हा सुषमाजी मंत्री आणि खुर्चीवर सुमित्राताई, काँग्रेसचे २५ खासदार त्यांनी पाच दिवस निलंबित केले. लोकसभेत दोन बाजूंना दोन कुंकवाच्या बायका आणि मधी नुसता गोंधळ. जुळेसोलापूरची ताई, तुला घरातून, गावातून, प्रवचनातून, नगरपालिकेतून वर जायचं असलं तर तुझा नमुना ह्या आहेत, सुषमाजी नाहीत.

आणि सोलापूरचं म्हणून एक सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारीत पंधराव्या लोकसभेचा शेवटचा दिवस होता, सुषमाजी विरोधी पक्षनेत्या, सभागृहनेते आपले सुशीलकुमार शिंदे. पाच वर्षं नुसती भांडाभांडी झालेली. निरोपाच्या भाषणात त्या काय म्हणाल्या तर संसदीय कामकाज मंत्री कमलनाथ शरारतीनं सभागृह गुंतवायचे आणि शिंदेजी शराफतीनं सोडवायचे. सगळे हसले. ते वाक्य आमच्याकडं पार्क चौकात कितीतरी दिवस चाललं, काँग्रेसवाले पण सांगायचे आणि भाजपवाले पण.

नवीपेठेतला_गण्या

शिंदेंच्या प्रणितीताई पण लॉच की, त्यांचं कोण बोलणार?? की मंदिरात जात नाहीत म्हणून

मॉडरेटर

गण्या, आत्ताच्या निवडणुकीच्या वादाला वेगळा धागा आहे. इथं नको.

पेन्शनर_भवानीपेठ

मी जरा उशिरा वाचलं, लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

सगळ्यांनी वकिली एका डब्यात टाकली आणि देवधर्म दुसऱ्या डब्यात. मला वाटतं बाईंचं खरं कसब ह्या दोन गोष्टी एकाच भाषणात आणण्यात होतं आणि ते दोन ठिकाणी मी स्वतः टीव्हीवर पाहिलंय.

पहिलं १९९६ चं. वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार पडलं (त्याच तेरा दिवसांत ह्या माहिती प्रसारण मंत्री होत्या आणि लोकसभेतली चर्चा थेट दूरदर्शनवर दाखवायला लावली, हे फार कमी लोकांना आठवतं), त्यानंतर जूनमध्ये देवेगौडांच्या विश्वासदर्शक ठरावावर बोलल्या. सुरुवात कशी तर रामाचा राज्याभिषेक व्हायचा होता आणि झाला वनवास, तिथं एक मंथरा होती, धर्मराजाला घालवायला एक शकुनी पुरला, मग आमच्यासमोर किती मंथरा आणि किती शकुनी आहेत बघा. हे झालं आपल्या पोथीतलं. पण पुढं जे केलं ते पक्क्या वकिलाचं. समोरच्यांचा आरोप काय, तुम्ही सांप्रदायिक. तो नाकारला नाही. हो आहोत, म्हणाल्या, कारण आम्ही वंदे मातरमची बाजू घेतो, हो आहोत कारण ३७० काढा म्हणतो, असं एकेक कारण मोजत गेल्या आणि आरोपपत्राचीच कैफियत, म्हणजे बचावाचं म्हणणं, करून टाकली. मला त्यातली निम्मी मतं पटत नाहीत. पण ऐकताना उठून पाणी प्यायला गेलो नाही.

दुसरं कुलभूषण जाधवांचं, हेर म्हणून पाकिस्ताननं तुरुंगात टाकलेले, आणि ह्याच्यासाठीच लिहायला बसलो. २०१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या, मधी काच. तीन दिवसांनी, २८ डिसेंबरला, सुषमाजींनी राज्यसभेत निवेदन केलं. आई फक्त साडीच नेसते, तिला सलवार कुर्ता घालायला लावला. दोघींच्या बांगड्या, टिकल्या, मंगळसूत्रं काढून घेतली. आई मुलाशी मराठीत बोलायला लागली की बोलू देत नव्हते, आपली भाषा, आईनं मुलाशी अजून कुठल्या भाषेत बोलायचं? आणि मग ते सांगितलं, की आईचा गळा आणि कपाळ मोकळं बघून कुलभूषणनी पहिला प्रश्न केला, बाबा कसे आहेत. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतः कुंकू लावलं तिलाच ह्या प्रश्नाचा अर्थ सभागृहाला असा सांगता येतो, कुठल्या परराष्ट्र खात्याच्या टिपणात हे वाक्य पहिलं आलं नसतं.

पण रडून थांबल्या नाहीत. पत्नीच्या चपला पाकिस्ताननं ठेवून घेतल्या होत्या आणि आत चिप आहे, कॅमेरा आहे असं काहीतरी चाललं होतं. तर लगेच उलटतपासणी. ह्या दोघी ह्याच चपला घालून एअर इंडियानं दुबईला गेल्या आणि तिथून एमिरेट्सनं इस्लामाबादला, दोन्हीकडं सिक्युरिटी झाली, तिथल्या मशीनला जे दिसलं नाही ते तुम्हाला कसं दिसलं? संपलं. एवढाच प्रश्न. कोर्टातला चांगला वकील साक्षीदाराला असाच एक प्रश्न विचारून खाली बसतो.

त्याच केसमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हरीश साळवे एक रुपया फीवर उभे राहिले. १७ जुलै २०१९ ला निकाल भारताच्या बाजूनं लागला. त्या तेव्हा मंत्री नव्हत्या, किडनी बदललेली, तब्येतीमुळं निवडणूक लढवली नव्हती. ६ ऑगस्टला रात्री साळवेंशी फोनवर बोलल्या, उद्या सहा वाजता या आणि तुमचा एक रुपया घेऊन जा. त्यानंतर थोड्याच वेळात गेल्या. तो रुपया सप्टेंबरात मुलीनं, बांसुरीनं, साळवेंना दिला. ती पण वकील, २०२४ ला नवी दिल्लीतून खासदार झाली.

रोखठोक_विजापूरवेस

काका भाषण ऐकलंय मी पण, चपलांचा मुद्दा चांगलाच होता, नाही म्हणत नाही. पण तुमच्याच बाजूची एक गोष्ट मी सांगतो, तुम्ही कुणी लिहिली नाही. २०१८ ला लखनौच्या पासपोर्ट ऑफिसमध्ये एका हिंदू-मुस्लिम जोडप्याला त्रास झाल्याची तक्रार आली, अधिकाऱ्याची बदली झाली, तर ट्विटरवर बाईंवर तुटून कोण पडलं? त्यांचेच लोक. किडनीवरून इतकं घाण बोलले की इथं लिहवत नाही. बाईंनी काय केलं तर असलं ट्रोलिंग तुम्हाला मान्य आहे का म्हणून पोलच टाकला आणि ४३ टक्के लोकांनी मान्य आहे म्हणून सांगितलं. आणि पार्टीतले मोठे लोक बरेच दिवस गप्प. एवढं कुंकू, एवढी करवा चौथ, गुरुवारी पिवळी साडी बुधवारी हिरवी, सगळं पाळून शेवटी धार्मिकपणाचं सर्टिफिकेट त्यांनाही मिळालं नाही. ताई, तुला मूटमध्ये हसणारे वेगळे आणि उद्या तू राजकारणात गेलीस की तुझं कुंकू मोजणारे वेगळे असतील. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते.

बळ्ळारीचा_जावई

हे मात्र बरोबर बोललात.

जुळेसोलापूरची_पोर

पेन्शनर काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. बाबा कसे आहेत ह्याच्यावर ती काही बोललीच नाही, गॅस बंद करून आली आणि परत वाच म्हणाली.

काळाकोट सर, अजून एक. १९९६ चं पूर्ण भाषण वाचायला कुठं मिळेल? व्हिडिओत कापलेलं वाटतंय. आणि सनद मिळाल्यावर आधी इथंच प्रॅक्टिस करू का डायरेक्ट पुणे-मुंबई बघू?

काळाकोट

संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेच्या जुन्या चर्चा आहेत, ११ जून १९९६ शोध. मधे अडवणाऱ्यांचे शेरे पण छापलेत, त्यांना त्या कशा उत्तर देत जातात ते मुद्दाम बघ, तुला मूटला उपयोग होईल. प्रिंट काढू नकोस, पानं लई होतात.

प्रॅक्टिसचं म्हणशील तर पहिली दोन-तीन वर्षं इथंच कर. दिवाणी बाजू बघणारा सिनियर धर, साक्षीपुरावा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळाला पाहिजे, मोठ्या शहरात ज्युनियरला नुसत्या तारखा मिळतात. आणि कायदेशीर मदत केंद्रात नाव दे, तिथं येणारी माणसंच पुढं मतदार असतात. सुट्टीत कधी कोर्टात आलीस तर आमच्या बाररूममध्ये ये, चहा मिळतो पण थंड असतो.